वसईचा गोन्सालो आणि भावांचं बिऱ्हाड

चांदूर रेल्वेच्या फलाटावर एखादा वैरागी उतरला तर माणसं फारशी वळून पाहत नाहीत. घर सोडलेल्या माणसांची वऱ्हाडाला सवय आहे. शेजारच्या तिवसा तालुक्यात, मोझरीला तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज उभारला. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. आणि पलीकडे मोर्शी तालुक्यात रिद्धपूर, महानुभावांचं सर्वांत मोठं ठाणं. पण त्याच फलाटावर तपकिरी झगा घातलेला, कमरेला तीन गाठींची पांढरी दोरी बांधलेला एखादा कॅथलिक संन्यासी उतरला, तर लोक म्हणतील, ‘फादर आले.’ आणि तिथेच गफलत होण्याचा संभव आहे.

कारण प्रत्येक फादर संन्यासी नसतो आणि प्रत्येक कॅथलिक संन्यासी फादर नसतो. २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसई धर्मप्रांताचे धर्मगुरू होते. वऱ्हाडातल्या कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. तिथेही असे धर्मगुरू आहेत. धर्मप्रांताचा धर्मगुरू लग्न करत नाही, बिशपच्या आज्ञेत राहतो. पण दारिद्र्याचं व्रत त्याने घेतलेलं नसतं. वडिलोपार्जित वाडीतला वाटा त्याच्या नावावर राहू शकतो. ज्याला ‘फ्रायर’ म्हणतात त्याचं तसं नाही. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं त्याने घेतलेली असतात. दोरीच्या तीन गाठी त्यांच्याच. त्याला मिळालेला पै-पैसा मठाच्या एका थैलीत जातो. तो वेदीवर मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू असेल, किंवा आयुष्यभर मठाची चूल सांभाळणारा ब्रदर असेल. व्रतांच्या बाबतीत दोघे सारखेच.

तपकिरी झग्याच्या या पंथाचा मूळ पुरुष इटलीतल्या असिसी गावचा फ्रान्सिस. जन्म ११८१ किंवा ११८२ चा. बाप कापडाचा मोठा व्यापारी. पोराने दुकानातलं कापड विकून पैसा एका पडक्या चर्चच्या दुरुस्तीसाठी देऊ केला, तेव्हा बापाने त्याला बिशपपुढे उभं केलं. फ्रान्सिसने अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हवाली केले आणि हिशेब मिटवला. पुढे त्याच्याभोवती माणसं जमू लागली. १२०९ साली पोप तिसरे इनोसंट यांनी तोंडी परवानगी दिली, आणि १२२३ साली पोप तिसरे होनोरियस यांनी बारा लहान प्रकरणांचा नियम लेखी मंजूर केला. या मंडळींनी स्वतःला नाव घेतलं ते ‘लहान भाऊ’. पैशाला हात लावायचा नाही, पायी हिंडायचं, हाताने काम करायचं, कामाचा मोबदला मिळाला नाही तर दारोदार भिक्षा मागायची आणि त्याची लाज धरायची नाही.

रिद्धपूरच्या माणसाला यात नवल ते काय? त्याच तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या महानुभाव अनुयायांना भिक्षान्न, भ्रमण आणि असंग्रह हाच मार्ग घालून दिला होता. स्वामींच्या मागे त्यांचे शिष्य रिद्धपुराला गोविंदप्रभूंच्या आसऱ्याला जमले, नागदेवाचार्यांच्या भोवती त्यांचा परिवार उभा राहिला आणि तिथेच म्हाइंभटांनी आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. असिसी आणि रिद्धपूर यांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. तरी साम्य इतकं की थक्क व्हावं. पंडितांची भाषा बाजूला ठेवून नागदेवाचार्यांनी मराठीचा हट्ट धरला, कारण संस्कृतात लिहिलं तर साध्या बायाबापड्या उपाशी राहतील. फ्रान्सिसने सूर्याचं स्तोत्र रचलं तेही लॅटिनमध्ये नव्हे, आपल्या मुलखाच्या बोलीत. इटालियन साहित्याचा आरंभ सांगताना ते घ्यावंच लागतं. आज रिद्धपुराला मराठी भाषेचं विद्यापीठ आहे ते उगीच नाही.

एका बाबतीत मात्र महानुभाव पुढे होते. बाइसा, महदाइसा या बायका परिवारात होत्या, प्रश्न विचारत होत्या, वाट चालत होत्या. फ्रान्सिसच्या वाटेने आलेली असिसीची क्लारा हिला आणि तिच्या मैत्रिणींना मात्र भिंतीआडच राहावं लागलं. भावांसारखं गावोगाव हिंडणं त्यांच्या वाट्याला आलं नाही.

आता या भावांच्या बिऱ्हाडाकडे वळू. घर सोडणं हा एका दिवसाचा पराक्रम असतो. पुढची चाळीस-पन्नास वर्षं आपण न निवडलेल्या माणसांबरोबर एका पंक्तीला बसणं हे निराळं काम आहे. फ्रान्सिसला ते नेमकं कळलेलं दिसतं. एकांतात जाऊन राहणाऱ्या भावांसाठी त्याने एक छोटा नियम लिहून ठेवला आहे. तिघांनी किंवा फार तर चौघांनी मिळून राहावं. त्यांतल्या दोघांनी आई व्हावं आणि उरलेल्यांनी मुलं. आयांनी दार सांभाळावं, खाण्यापिण्याचं पाहावं, बाहेरच्यांना आत येऊ देऊ नये. मुलांनी प्रार्थना करावी. आणि काही दिवसांनी अदलाबदल करावी, मुलांनी आई व्हावं. तेराव्या शतकातल्या पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेल्या नियमात गुरू नाही, शिष्य नाही, आई आहे! मोठ्या नियमातही आजारी भावाची सेवा आपली व्हावी असं वाटेल तशी करावी आणि आपली गरज दुसऱ्याला निःसंकोच सांगावी, असं बजावलं आहे. मठाच्या प्रमुखाला हे लोक मठाधिपती म्हणत नाहीत, ‘गार्डियन’ म्हणतात, म्हणजे राखणदार. त्याची मुदत ठरलेली असते. ती संपली की कालचा प्रमुख आज पुन्हा साधा भाऊ होतो आणि भांडी घासण्याच्या पाळीत त्याचंही नाव लागतं. गादी बापाकडून पोराकडे नेणाऱ्या आपल्याकडच्या काही संस्थानांनी हे वाचायला हरकत नाही.

‘देवाने मला बोलावलं’ असं कुणी म्हटलं म्हणून त्याला लगेच झगा मिळत नाही. या बोलावण्याला मराठी कॅथलिक ‘पाचारण’ म्हणतात आणि ते पारखण्याची रीत लांबलचक आहे. आधी काही काळ मठात येऊन-जाऊन राहणं. मग किमान बारा महिन्यांची उमेदवारी. सतरा वर्षांखालच्या मुलाला तिथे प्रवेश नाही. मग तात्पुरती व्रतं, कमीत कमी तीन वर्षांची. ती वाढवून फार तर नऊ वर्षांपर्यंत नेता येतात. आजन्म व्रत एकविसाव्या वर्षाच्या आत घेता येत नाही. मधल्या काळात तरुण संघाला पाहतो आणि संघ तरुणाला पाहतो. मुदत संपली की तो घरी परतू शकतो, किंवा संघ त्याला नको म्हणू शकतो.

या ‘नको’चीच एक गोष्ट वसईची आहे.

वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे आली आणि दहा-पंधरा वर्षांतच फ्रान्सिसच्या पंथाचे, म्हणजे फ्रान्सिस्कन, भाऊ तिथे पोहोचले. त्यांच्यातल्या अंतोनियो दो पोर्तो यांचं नाव बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांशी जोडलेलं आहे. शिवाच्या त्या लेण्यांचं चर्च झालं. वरच्या इमारतीचे अवशेष आजही उभे आहेत. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे भाऊ स्वतः फाटक्या झग्यात राहत असतील, पण त्यांच्या पाठीशी पोर्तुगालचा राजा होता. दारिद्र्याचं व्रत आणि राजसत्तेचं पाठबळ हे जोडपं कधीच सुखाने नांदलेलं नाही, आणि देवळं गमावलेल्या गावांना त्या व्रताचं कौतुक वाटण्याचं कारण नव्हतं.

अशा वसईत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण जेझुइट या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या वसईतल्या धर्मगुरूंकडे झालं. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याचबरोबर तो जपानला गेला. तिथली भाषा त्याने इतकी आत्मसात केली की उपदेशाच्या कामात जेझुइटांचं त्याच्यावाचून अडू लागलं. सुमारे आठ वर्षं त्याने हे काम केलं. त्याला स्वतःला जेझुइट व्हायचं होतं. अर्ज केला, थांबवलं गेलं. पुन्हा केला, पुन्हा थांबवलं. त्या काळी भारतात जन्मलेल्यांना आणि मिश्र रक्ताच्यांना जेझुइट संघाची दारं सहसा उघडत नसत.

शेवटी गोन्सालोने तो नाद सोडला आणि व्यापार धरला. धंदा चांगला चालला. पूर्वेकडच्या बंदरांत त्याचं जाणं-येणं होतं आणि त्यातूनच तो फिलिपीन्समध्ये मनिलाला पोहोचला. तिथे फ्रान्सिस्कन भावांशी गाठ पडली. बापाच्या कापड दुकानातून उठून गेलेल्या फ्रान्सिसच्या संघाने या व्यापाऱ्याला आत घेतलं. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून. आयुष्यभर तो ब्रदरच राहिला. फ्रान्सिस स्वतःही कधी धर्मगुरू झाला नव्हता, हे इथे लक्षात ठेवावं.

१५९३ साली फिलिपीन्सच्या गव्हर्नराचा वकील म्हणून पेद्रो बाउतिस्ता हे फ्रान्सिस्कन जपानला निघाले. त्यांना दुभाष्या हवा होता. ज्याला एका संघाने दारात ताटकळत ठेवलं, तो वसईचा ब्रदर आता जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यापुढे उभा राहून बोलत होता. हिदेयोशीने भावांना राहायची मुभा दिली. क्योतोत त्यांनी मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं काढली. फ्रान्सिसने आपल्या मृत्युपत्रवजा लेखाची सुरुवातच कुष्ठरोग्यांमध्ये जाऊन राहिल्याच्या आठवणीने केली आहे, तेव्हा भावांना दुसरं काही सुचणं कठीणच होतं. अमरावतीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवनात कुष्ठनिवास काढला तेव्हा अशा रोग्याला गावात कोण उभं करत होतं, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे.

जपानात मात्र घरातलंच भांडण आडवं आलं. १५८७ साली हिदेयोशीने ख्रिस्ती धर्मप्रसारकांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. तेव्हापासून जेझुइट जपून, आवाज न करता काम करत होते, आणि पोपने जपानचं क्षेत्र त्यांच्याकडे सोपवलेलं होतं. फ्रान्सिस्कन आले ते उघडपणे झगा घालून रस्त्यावर. जेझुइटांना हा आततायीपणा वाटला, फ्रान्सिस्कनांना त्यांचं जपून वागणं भित्रेपणाचं वाटलं. पुढे जे घडलं ते पाहता जेझुइटांची भीती खोटी नव्हती.

मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून ऑक्टोबर १५९६ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला, संशय वाढला, आणि डिसेंबरात क्योतो-ओसाकातले फ्रान्सिस्कन पकडले गेले. पुढे मरणाला नेले गेले ते एकूण सव्वीस जण: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा जपानी गृहस्थ. त्यांत बारा वर्षांचा एक पोरगाही होता. डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. दोन्ही संघांचे लोक एकाच ओळीत होते.

सहा फ्रान्सिस्कनांतला एक, फेलिपे, मेक्सिकोचा. तो त्याच ‘सान फेलिपे’वरून मायदेशी धर्मगुरूपदाची दीक्षा घ्यायला चालला होता. दुसरा वसईचा गोन्सालो. १८६२ च्या ८ जूनला पोप नववे पायस यांनी सव्विसांना संत घोषित केलं, तेव्हा मेक्सिको आणि भारत या दोन दूरच्या देशांत जन्मलेले पहिले संत एकाच बिऱ्हाडातून निघाले.

वसईतलं ते बिऱ्हाड तोवर मोडलं होतं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि किल्ल्यातला फ्रान्सिस्कन मठ पुढे ओसाड झाला. मुंबईकडे ही परंपरा वेगवेगळ्या रूपांनी चालू राहिली. फ्रान्सिसच्याच शाखेतले कापुचिन संघाचे स्विस धर्मगुरू अनास्तासियुस हार्टमान यांनी १८५० साली मुंबईत ‘एक्झामिनर’ हे साप्ताहिक सुरू केलं, ते अजून निघतं. बोरिवलीला, मंडपेश्वरच्याच परिसरात, माउंट पॉइन्सरवर फ्रान्सिसच्या नावाचा आणखी एक संघ आहे. पाउलुस मोरिट्झ या जर्मन ब्रदरने तो उभा केला. तिथले सगळे ब्रदरच, हे त्या संघाचं वैशिष्ट्य.

वसईजवळच्या गास गावात गोन्सालोच्या नावाचं चर्च आहे आणि वसईत त्याच्या नावाचं महाविद्यालय. तिकडे नागासाकीत १९६२ साली, संतपदाला शंभर वर्षं झाली तेव्हा, निशिझाका टेकडीवर सव्विसांचं स्मारक आणि संग्रहालय उघडलं. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेल्या तिथल्या कांस्य पुतळ्यांच्या रांगेत वसईचा हा ब्रदरही उभा आहे.