नवा शिक्षक शाळेंतच घडावा

(आकाशवाणीवरील भाषण)



गणित आणि विज्ञान शिकविणारा नवा शिक्षक कोठें घडावा, महाविद्यालयांत कीं प्रत्यक्ष शाळेंत, हा प्रश्न मी आज आपल्यापुढें मांडणार आहें. वरवर पाहतां तो केवळ शिक्षकांच्या घरचा वाटेल. परंतु ज्यांचें मूल गणिताच्या तासाला भिऊं लागलें आहे, अशा प्रत्येक आईबापाचा तो प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्यास हा विचार नवा नाहीं. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरर १८३९ सालीं अहमदनगरास आल्या आणि १८६२ सालीं येथेंच निवर्तल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांस स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली. सावित्रीबाईंनींहि अध्यापनाचे पाठ फॅररबाईंकडे घेतले, असें चरित्रकार सांगतात. शाळा चालविणाऱ्या अनुभवी शिक्षिकेपासून शिकून शिक्षिका व्हावें, ही रीत अशी आपल्या गांवाच्या ओळखीची आहे.

आजची व्यवस्था काय आहे? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनीं बी. एड. चा अभ्यासक्रम एका वर्षाऐवजीं दोन वर्षांचा केला आणि त्यांत वीस आठवडे शाळेंत काढण्याची अट घातली. अट उत्तम आहे. परंतु पुष्कळदां तिचें स्वरूप असें होतें कीं, विद्यार्थी-शिक्षक टाचण लिहून आणतो, नेमलेला पाठ घेतो, निरीक्षक शेरा लिहितात आणि पाठांची संख्या पुरी होते. वर्ग मात्र त्याचा कधींच होत नाहीं.

गणितांत ही उणीव विशेष जाणवते. बावन्नांतून सतरा वजा करतांना मूल पंचेचाळीस लिहितें. नवा शिक्षक त्यावर फुली मारून पुढें जातो. मुरलेला शिक्षक क्षणभर थांबतो. मुलानें सातांतून दोन वजा केले आहेत, म्हणजे प्रत्येक घरांत मोठ्या अंकांतून लहान अंक वजा करावयाचा, असा नियम त्यानें मनाशीं बांधला आहे, हें तो ओळखतो. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश लिहिणारें मूल, किंवा ०·४ पेक्षां ०·३५ मोठें मानणारें मूल, हींहि त्याच जातीचीं. चुकीच्या पोटांतील विचार ओळखणें हेंच गणिताच्या शिक्षकाचें खरें कौशल्य होय. आणि तें ओळखणाऱ्याच्या शेजारीं बसूनच येतें.

विज्ञानाचेंहि तसेंच आहे. कोरड्या केसांवर घासलेली फणी कागदाचे कपटे उचलते, असें पुस्तक सांगतें. अकोले तालुक्याच्या डोंगरी भागांत श्रावणांत हा प्रयोग करून पाहावा. दमट हवेंत विद्युत्-भार टिकत नाहीं आणि कपटे जागचे हलत नाहींत. अशा वेळीं प्रयोग गुंडाळून ठेवावा, कीं तो कां फसला याचाच पाठ करावा, हें टाचणांत लिहिलेलें नसतें.

शिवाय वीस आठवड्यांत वर्ष दिसत नाहीं. पाथर्डी तालुक्यांतील कित्येक गांवांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबें ऊसतोडणीस जातात, तेव्हां वर्गांतील जागा रिकाम्या होतात. तीं मुलें उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात, तोंवर अपूर्णांक शिकवून झालेले असतात. त्यांना पुन्हां वर्गाबरोबर कसें आणावें, हें जून ते एप्रिल तेथें राहिल्यावांचून कळत नाहीं.

परदेशांत यावर एक उपाय योजिला गेला. शिकागो येथें २००१ पासून आणि बॉस्टन येथें २००३ पासून, उमेदवारास संपूर्ण एक वर्ष अनुभवी शिक्षकाच्या वर्गांत ठेवून शिक्षक घडविण्याच्या योजना निघाल्या. शिकाऊ डॉक्टर जसा रुग्णालयांत राहतो, तसाच हा शाळेंत. आपल्या देशांतहि १९७२ सालीं होशंगाबाद जिल्ह्यांतील सोळा शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९७८ मध्यें तो सर्व जिल्ह्यांत पसरला. केवळ सुटींतील वर्गांवर न थांबतां शिक्षकांच्या मासिक बैठका घेणें आणि शाळेंत जाऊन साहाय्य करणें, हें त्याचें बळ होतें. २००२ सालीं सरकारनें तो बंद केला, तरी त्याचा धडा जुना झालेला नाहीं.

महाराष्ट्रांत २००० सालीं शिक्षणसेवकाची पद्धत आली. नव्या शिक्षकानें तीन वर्षें मानधनावर काम करावें, असा तिचा नियम. हीं वर्षें कसोटीचीं खरीं, परंतु शिकण्याचीं क्वचितच ठरतात. कारण पहिल्याच दिवशीं त्याच्या हातीं पूर्ण तासिका येतात आणि विचारावयास कोणी नसतें. माझी सूचना एवढीच आहे कीं, यांतील पहिलें वर्ष तरी शिकण्याचें करावें. जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांत प्रत्येकीं एकदोन शाळा निवडाव्या. तेथें नव्या शिक्षकानें आधीं पाहावें, मग निम्मे तास घ्यावे आणि अखेरीस वर्ग स्वतः सांभाळावा. मार्गदर्शक शिक्षकाच्या तासिका कमी कराव्या. फुकटचें ओझें कोणीहि मनापासून वाहत नाहीं.

जुना शिक्षक आपले दोषहि नव्यास देईल, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. म्हणून मार्गदर्शक सेवाज्येष्ठतेनें न नेमतां काम पाहून नेमावा, आणि महिन्यांतून एकदां तालुक्यांतील सर्वांनीं मुलांच्या वह्या पुढें ठेवून चर्चा करावी. वह्या खोटें बोलत नाहींत.

यास खर्च येईल. पण न घडलेला शिक्षक तीस वर्षें शिकवितो, आणि त्याची किंमत मुलें भरतात. ती कोणत्याहि अंदाजपत्रकांत दिसत नाहीं, इतकेंच. पालकांनीं आपल्या गांवच्या शाळेंत जाऊन, नव्या गुरुजींस शिकविणारें कोणी आहे काय, हें एकदां विचारावें, अशी विनंती करून मी आपली रजा घेतों.