तव्यावरचा भाजीचा पिझ्झा

पिझ्झा हा शब्द इटलीचा असला, तरी त्यामागची कल्पना महाराष्ट्रांतील माणसाला अगदींच अनोळखी नाहीं. शेताच्या बांधावर भाकरी हातावर घेऊन तिच्यावरच पिठलें किंवा ठेचा वाढून घेणाऱ्या शेतकऱ्याला निराळें ताट लागत नाहीं. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत नेपल्स शहरांतील गोरगरिबांचा पिझ्झा याच जातीचा होता. रोटी हेंच ताट, आणि वर जें परवडेल तें. त्यावरचा टोमॅटो मूळचा अमेरिकेंतला. तो इटलींतही पाहुणा आणि हिंदुस्थानांतही पाहुणाच.

परंतु नगरच्या घरांत (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें) पिझ्झ्यावरून खटका उडतो, तो इतिहासामुळें नव्हे. मुलें हट्ट धरतात, आजी मैद्याच्या नांवानें नाक मुरडते, आणि संध्याकाळीं कचेरींतून दमून आलेल्या आईला दोघांमध्यें निवाडा करावा लागतो. बाहेरून मागविला, तर आजी जेवत नाहीं. भाकरी केली, तर मुलें ती तशीच टाकून उठतात. जामखेड-कर्जतकडे ज्वारीवर पिढ्या पोसल्या गेल्या. त्याच जिल्ह्यांतील मुलांना ज्वारी नकोशी व्हावी, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं.

निवाडा तव्यावर होऊं शकतो. दुकानांतील पिझ्झ्याचें पीठ यीस्टनें फुगवितात व त्याला कांहीं तास लागतात. ज्वारींत गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणूनच भाकरीचें पीठ ऊन पाण्यांत मळून हातानें थापावें लागतें. यासाठीं दोन वाट्या कणीक व एक वाटी ज्वारीचें पीठ घ्यावें. त्यांत मीठ, दोन चमचे तेल व अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा मिसळून अर्धी वाटी आंबट दहीं आणि लागेल तितकें पाणी घालून पीठ मऊ मळावें. दह्याची आंबटाई व सोडा यांच्या संयोगानें वायु सुटतो आणि पीठ हलकें होतें. वीस मिनिटें झांकून ठेवलें कीं पुरे. तासभर ठेवल्यास तो वायु निघून जातो.

संगमनेर-अकोल्याकडे टोमॅटो पुष्कळ पिकतो, आणि त्याच्या भावाइतकें लहरी दुसरें कांहीं नसेल. २०२३ च्या जुलैंत किलोला शंभर रुपयांच्या वर गेलेला टोमॅटो सप्टेंबरांत महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांना रस्त्यावर ओतण्याची पाळी आली. स्वस्ताईच्या दिवसांत गृहिणीनें तो जास्त घेऊन आटवून ठेवावा. चार-पांच टोमॅटो, सहा-सात लसणाच्या पाकळ्या, तिखट व गुळाचा लहानसा खडा एकत्र शिजवून चमच्यावरून ओघळणार नाहीं इतकें दाट करावें. ओरेगानो घरांत नसला तर चिमूटभर ओवा चुरडून घालावा. दोहोंच्या वासाला कारण असलेलीं तेलें एकमेकांच्या जवळचीं आहेत.

आतां खरी अडचण. भट्टींत पिझ्झ्याला वरून व खालून आंच लागते; तव्यावर ती खालूनच लागते. त्यामुळें भाजी कच्ची, चीज घट्ट आणि बूड मात्र करपलेलें, अशी फजिती होते. हिचें मूळ भाजींतल्या पाण्यांत आहे. कांदा, ढोबळी मिरची व फुलकोबी पातळ चिरून आधीं तापल्या तव्यावर मोठ्या आंचेवर परतावीं. मीठ मागाहून घालावें. मग वीतभर रुंदीची, जाड भाकरीइतकी पोळी लाटून तव्यावर टाकावी. एका अंगाला डाग पडले कीं उलटावी आणि भाजलेल्या अंगावर आटलेला रस, भाजी व चीज क्रमानें पसरून झांकण ठेवावें. मंद आंचेवर पांच-सहा मिनिटें लागतात. झांकणाला जमलेली वाफ पाणी होऊन पुन्हां पिझ्झ्यावरच गळते. हें बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं. म्हणून मध्यें एकदां झांकण पुसावें व शेवटचा मिनिटभर तें किलतें ठेवावें.

चिजाच्या जागीं पनीर घालून तें वितळेल अशी आशा मात्र धरूं नये. मोझरेला करतांना दुधाचा गोळा ऊन पाण्यांत ताणून मळतात, यामुळें त्याची तार निघते. तापल्या दुधांत लिंबू पिळून केलेलें पनीर कितीही तापविलें तरी वितळत नाहीं. चवीला तें वाईट नाहीं, आणि आजीला तेंच अधिक रुचेल.

उरलेल्या पोळ्या रस न लावतां दोन्ही अंगांनीं अर्ध्या कच्च्या भाजून फडक्यांत गुंडाळाव्या. सकाळीं डब्याच्या वेळीं त्यांवर भाजी पसरून पांच मिनिटांत काम होतें.