अंटोनिओचा सातबारा
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



ज्याच्या बापजाद्यांकडे जमीन होती त्याची वंशावळ लिहायला माणसं ठेवलेली असतात. ज्याचा बापच विकला गेला त्याची कोण लिहिणार? आज मी एका शेतकरी घराण्याबद्दल बोलणार आहे. घराणं अमेरिकेतलं, व्हर्जिनियाचं, साडेतीनशे-चारशे वर्षांमागचं. 'पँथर' हे नाव १९७२ साली आपण त्याच देशातल्या काळ्या पोरांकडून घेतलं. नाव घेतलं, तर त्यांच्या आज्या-पणज्यांचे कागदही चाळले पाहिजेत.

पहिला कागद १६२५ सालचा. इंग्रजांनी वसाहतीतली माणसं मोजली. बेनेट नावाच्या गोऱ्याच्या मळ्यावर नोंद आहे : अंटोनिओ, निग्रो, १६२१ साली 'जेम्स' जहाजातून आला. तिथेच दुसरी : मेरी, निग्रो बाई, १६२२ साली 'मार्गारेट अँड जॉन'मधून आली. संपलं. आईबाप नाही, गाव नाही, आडनाव नाही. जहाजाचं नाव मात्र चोख.

आम्हां गोदीवाल्यांना यात नवल वाटत नाही. माल उतरतो तेव्हा टॅलीवाला नग मोजतो आणि बोटीचं नाव टाकतो. पोत्याला कुणी विचारत नाही, बाबा तू कुठल्या शिवारातलं? फरक एवढाच, की इथे पोत्याच्या जागी माणूस होता.

आता नाव बघा. अंटोनिओ हे पोर्तुगीज वळणाचं नाव. लगेच म्हणू नका, की मालकानं लादलं. काँगोच्या राजानं १४९१ सालीच ख्रिस्ती धर्म घेतला होता. तिकडे बापही पोराचं नाव अंटोनिओ ठेवत असेल. पाद्र्यानं ठेवलं, व्यापाऱ्यानं ठेवलं की आईनं, कागद बोलत नाही.

मग हा अंगोलाचा असं लोक कशावरून म्हणतात? एक धागा असा. त्याच्या दोन वर्षं आधी, १६१९ साली, व्हर्जिनियात वीसेक आफ्रिकी माणसं उतरवली गेली. ती कुठली, हे कितीतरी वर्षं अंदाजावर चाललं होतं. १९९७ साली एंगेल स्लूटर या इतिहासकारानं स्पेनच्या जुन्या हिशेबाच्या वह्यांतून दाखवलं, की ती अंगोलातल्या लुआंडा बंदरात भरलेल्या पोर्तुगीज जहाजावरची. चाच्यांनी ते जहाज वाटेत लुटलं होतं. म्हणजे माणसाचा पत्ता लागला तोही मालाच्या हिशेबातून! पण ते जहाज वेगळं. अंटोनिओपुरता तो अंदाजच.

पुढे हा माणूस कागदावर अँथनी जॉन्सन होतो. मेरीशी संसार करतो, पोरं होतात, गुलामीतून सुटतो. १६५१ साली त्याच्या नावावर २५० एकर जमीन चढते. वसाहतीत एक माणूस आणला की ५० एकर, असा कायदा होता. याच्या नावावर पाच डोकी. १६५३ साली आग लागून मोठं नुकसान झालं, तेव्हा कोर्टानं मेरीला आणि दोन मुलींना जन्मभराची करमाफी दिली.

इथवर ऐकून छाती फुगली असेल. पण पुढचा कागदही वाचायचा. जॉन कॅसर नावाचा काळा माणूस याच जॉन्सनकडे राबत होता. तो म्हणाला, माझी मुदत संपली, मला सोड. एका गोऱ्या शेजाऱ्यानं त्याला आपल्याकडे नेलं. जॉन्सन कोर्टात गेला आणि १६५५ साली जिंकला. कॅसर जन्मभर त्याचा झाला. हा कागद लपवून वंशावळ लिहिली, तर आपल्यात आणि भाटात काय फरक? जो पूर्वज शोधायचा तो आख्खा शोधायचा.

आणि कोर्टात जिंकून त्याला तरी काय मिळालं? घराणं मेरीलँडला गेलं, तिथे ३०० एकर खंडानं घेतली. १६७० साली अँथनी मेला. त्याच साली व्हर्जिनियातल्या पंचांनी ठरवलं : हा निग्रो होता, म्हणून परका होता, म्हणून त्याची तिथली जमीन राजाकडे जमा करता येईल. चाळीसएक वर्षं त्या मातीत राबलेला माणूस मेल्यावर परका ठरला.

१६७७ साली नातवानं, जॉन जॉन्सननं, मेरीलँडमध्ये ४४ एकर जमीन घेतली. तिला नाव दिलं : अंगोला. आजोबाच्या मुलुखाचा घरातला पुरावा म्हणतात तो हा. कोर्टाच्या हिशेबानं कच्चा, कारण इंग्रज हा शब्द त्या किनाऱ्यावरच्या कितीतरी जमातींना ढोबळपणे लावत. पण मला तो त्या सगळ्या मोजणीपेक्षा मोठा वाटतो. कारकुनानं विचारलं नव्हतं. नातवानं आपणहून लिहवून घेतलं.

ह्यांचे निदान कागद तरी आहेत. १६६२ साली व्हर्जिनियात कायदा झाला, की पोर आईच्या दर्ज्याचं. गुलाम बाईचं पोर गुलाम, बाप कुणीही असो. म्हणजे गोऱ्या बापाचं नाव कागदावरून आपोआप गायब. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या. त्यांत मालकाचं नाव, आणि खाली वय, लिंग, रंग. मुक्त झालेल्या लाखो माणसांची नावं शिरगणतीत पहिल्यांदा येतात ती १८७० साली. त्याच्या मागे जायचं, तर मालकाची मृत्युपत्रं आणि विक्रीखतं उकरायची. स्वतःचा पणजोबा दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत हुडकायचा, बैलांच्या आणि नांगराच्या मध्ये.

तरी माणसं हुडकतात. पॉल हाइनेग या संशोधकानं करवसुलीच्या याद्या आणि कोर्टाच्या नोंदी वाचून शेकडो मुक्त काळ्या घराण्यांची मुळं जुळवली. त्यात दिसलं, की बऱ्याच घराण्यांची मूळ आई गोरी मोलकरीण होती. रक्ताच्या शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांना हे कागद वाचायला द्यावेत.

दोस्तांनो, माझं म्हणणं सरळ आहे. जिथे कागद गप्प आहे तिथे राजा-महाराजा घुसडू नका. ती जागा कोरीच ठेवा. ती कोरी कुणी केली, हे मात्र कायद्याचं साल टाकून शेजारी लिहा : १६६२, १६७०. खोटा पूर्वज उभा केला, की खरा गुन्हेगार सुटतो.