जुन्या रेडिओची निगा

दिवाळीची झाडलोट सुरू झाली, कीं माळ्यावरच्या कित्येक विस्मृत वस्तू उजेडांत येतात. छत्रपति संभाजीनगरच्या जुन्या वस्तींत अशा वेळीं एखाद्या घरीं आजोबांच्या काळचा व्हाल्व्हचा रेडिओही खालीं उतरतो. वडील मंडळींस त्याविषयीं ममत्व असतें, तरुणांस कुतूहल असतें. आणि दोहोंचा परिणाम बहुधा एकच होतो. वरवर धूळ झटकून कोणीतरी प्लग भिंतींत खोंचतो व बटण फिरवितो. अनेक वर्षें सुखरूप राहिलेल्या यंत्राचा नाश पुष्कळदां त्या एका मिनिटांत होतो.

या संचांचें मोल केवळ लाकडी पेटीच्या शोभेंत नाहीं. हें शहर हैदराबाद संस्थानांत असतां संस्थानच्या नभोवाणीचें एक केंद्र येथें, त्या वेळच्या औरंगाबादेस, होतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली; पुढें १ एप्रिल १९५० रोजीं हैदराबाद व औरंगाबाद हीं दोन्ही केंद्रें ऑल इंडिया रेडिओकडे आलीं. तो काळ ज्यांनीं घरांघरांत ऐकविला, त्यांच्या जातीचे हे संच आहेत. तेव्हां त्यांची सफाई करावयाची ती जुन्या दस्तऐवजाची करावी तशी.

प्रथम धोका कोठें आहे तें समजून घेतलें पाहिजे. व्हाल्व्हच्या संचांत २०० ते ३०० व्होल्टचा दाब खेळत असतो. विजेंतील चढउतार सपाट करण्यासाठीं त्यांत मोठे कंडेन्सर बसविलेले असतात. त्यांतील अल्युमिनियमच्या पत्र्यावरचा अतिसूक्ष्म थर वर्षानुवर्षें वीज न मिळाल्यानें क्षीण होतो आणि आंतील द्रव सुकतो. अशा कंडेन्सरवर एकाएकीं पूर्ण दाब आला, म्हणजे तो तापतो, प्रसंगीं फुटतो, आणि आपल्याबरोबर ट्रॅन्सफॉर्मरलाही जाळतो. मेणकागदाच्या लहान कंडेन्सरांची तऱ्हा याहून फसवी. ते बाहेरून धड दिसतात. परंतु त्यांतून वीज झिरपूं लागली, कीं आवाज देणारा शेवटचा व्हाल्व्ह अतिभारानें निकामी होतो. म्हणून पहिली वीज जाणत्या कारागिराच्या हातूनच मिळावी. असे कारागीर संचाच्या वाटेंत एक साधा तारेचा दिवा जोडतात. दिवा पूर्ण तेजानें पेटून तसाच राहिला, तर आंत कोठेंतरी विजेस आडवाट मिळाली आहे असें समजून ते तत्काळ हात आवरतात.

धोका माणसासही आहे. प्लग काढल्यावरही कंडेन्सरांत वीज सांचून राहूं शकते. शिवाय ट्रॅन्सफॉर्मर नसलेल्या कांहीं संचांत आंतील पत्र्याचा सांगाडाच घरच्या विजेशीं जोडलेला असतो. बटणाच्या लहानशा स्क्रूस लागलेलें बोटही तेथें झटका खाईल. पेटीची पाठ उघडण्याचें काम म्हणूनच माहीतगारानें करावें.

सफाईचें साधन म्हणजे मऊ, कोरडा कुंचला. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यांत बसलेली धूळ त्यानें सहज निघते. व्हाल्व्ह काढावयाचे असतील, तर आधीं त्यांच्या जागांचें छायाचित्र घ्यावें, कांचेस न धरतां बुडाशीं धरावें, आणि कांचेवरील छापील अंक पुसूं नयेत; एकदां पुसलेला अंक परत मिळत नाहीं. केंद्रांची नांवें असलेल्या कांचेची समोरची बाजू कोरड्या फडक्यानें पुसावी. अक्षरें बहुधा मागच्या बाजूस असतात, आणि पाण्याचा हात लागतांच तीं गळून पडूं शकतात. केंद्र लावणाऱ्या कंडेन्सरच्या पातळ पात्या वांकवूं नयेत, व आंतील लहान स्क्रू सैल भासले तरी पिळूं नयेत. तेथें कारखान्यांत साधलेला मेळ असतो. तो बिघडला, कीं केंद्रें लागेनाशीं होतात. पेटीस पॉलिश-कागद घासूं नये, आणि पाठीवरची कागदी पट्टीही जपावी.

आवाजाचें बटण फिरवितांना खरखर होते ती आंतील कार्बनच्या पट्टीवरील धुळीनें. त्यासाठीं मिळणारा खास द्रव थेंबभर पुरतो. शिवणयंत्राचें तेल मात्र घालूं नये. तें चिकटून नवी धूळ ओढतें. पुढच्या काळांतील दोन कर्ण्यांच्या स्टीरिओ संचांसही हाच नियम. एका बाजूचा आवाज गेला, म्हणजे यंत्र मेलें असें ठरविण्यापूर्वीं, संच बंद करून, सर्व बटणें व खटके पुष्कळदां मागेंपुढें फिरवून पाहावे. कर्ण्याच्या दोन तारा एकमेकींस मात्र कधींही लागूं देऊं नयेत. त्यानें आंतील ट्रॅन्झिस्टर जळूं शकतात.

दुरुस्त झालेला संच नंतर मुका ठेवूं नये. महिन्यांतून एकदां तासभर चालविला, कीं कंडेन्सर शाबूत राहतात आणि पावसाळ्याचा ओलावा ऊबेनें उडतो. चालवितांना त्यावरील जाळीचा रुमाल व तसबिरी दूर कराव्या, म्हणजे उष्णतेस वाट मिळते. जुन्या संचांस २०० ते २५० व्होल्टपर्यंत जोडणीच्या निरनिराळ्या जागा असतात; आज घरोघरीं येणारी वीज २३० व्होल्टची आहे, हें कारागिरास बजावून सांगावें.

आणि दुरुस्तीस मनाजोगा कारागीर मिळाला नाहीं, तर संच नुसता झाडून, कोरड्या जागीं झांकून ठेवावा. मुका परंतु अखंड असलेला रेडिओ पुढची पिढी बोलता करूं शकेल. घाईनें जाळलेल्या ट्रॅन्सफॉर्मरची जोड मात्र शोधूनही सहसा मिळत नाहीं.