दात टेकलेत का? जबड्याचं दुखणं आणि मनावरचा ताण

ऐकता ऐकता एक काम करा. काही बदलू नका, फक्त बघा. आत्ता तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का?

टेकले असतील तर आजचा एपिसोड तुमच्यासाठी आहे. जेवणं आणि गिळणं सोडलं तर दिवसभर दात एकमेकांना टेकायचं काही कारणच नसतं. ओठ मिटलेले, दात किंचित सुटे, ही जबड्याची आरामाची स्थिती. मला हे गेल्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं.

तेव्हा आमचं मोठं रिलीज होतं, ऑन-कॉलही मीच. सकाळी उठलो की डावा कान ठणकायचा. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले कान स्वच्छ आहे. मग एका संध्याकाळी मित्रांबरोबर पाणीपुरी खायला गेलो आणि पुरी आत जाईल एवढं तोंडच उघडेना. सगळे हसले. मी पण हसलो, पण आतून टरकलो होतो.

डेंटिस्टकडे गेलो. त्यांनी गालावर बोट दाबलं, मी कळवळलो. कानाच्या अगदी पुढेच जबड्याचा सांधा असतो, म्हणून कान दुखल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणाल्या. आणि मग विचारलं, "झोप कशी आहे? कामाचं टेन्शन आहे का?"

मला रागच आला. दुखतंय जबड्यात आणि तुम्ही मनाचं विचारताय? म्हणजे मी नाटक करतोय का? घरी आईचंही तेच, "टेन्शन घेऊ नकोस रे, होईल बरं."

चिडून दुसरीकडे गेलो. तिथे सांगितलं, तुमचा चावा नीट बसत नाही, थोडे दात घासून जुळवू. हे मला पटलं! हार्डवेअरचा प्रॉब्लेम, हार्डवेअरचा उपाय. अपॉइंटमेंट पण घेतली. पण घासलेला दात परत येत नाही, म्हणून आदल्या रात्री वाचायला बसलो.

१९३४ मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानाच्या तक्रारींचा संबंध जबड्याच्या सांध्याशी आणि बिघडलेल्या चाव्याशी जोडला. पुढे बरीच वर्षं सगळा दोष दातांच्या बसण्यावरच जात राहिला. मग १९७६ मध्ये गुडमन, ग्रीन आणि लास्किन यांनी २५ रुग्णांचे दात घासल्याचा नुसता देखावा केला. प्रत्यक्षात काहीच घासलं नाही. तरी ६४ टक्के लोकांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं!

याचा अर्थ त्यांचं दुखणं खोटं होतं असा नाही. अर्थ एवढाच, की दुखणं फक्त दात कसे बसतात यावर ठरत नाही.

अमेरिकेतच २००६ मध्ये ऑपेरा नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. जबड्याचा त्रास नसलेल्या सुमारे २,७०० लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या २६० जणांना त्रास सुरू झाला. ज्यांना आधीपासून जास्त ताण जाणवत होता, अंगात इतर बारीकसारीक तक्रारी होत्या, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. म्हणजे ताण आधी, जबडा नंतर. आणि उलटंही होतं. दुखलं की झोप जाते, झोप गेली की चिंता वाढते, चिंता वाढली की दात आणखी आवळले जातात. शिवाय अशा वेळी मेंदू वेदनेचा आवाजही मोठा करतो. लूपच की!

म्हणून २०१४ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या निदानाच्या निकषांत दोन भाग आहेत. एकात सांधा आणि स्नायू, दुसऱ्यात चिंता, नैराश्य, वेदनेचा रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम. त्या डेंटिस्ट मला टाळत नव्हत्या, त्या पूर्ण तपासणी करत होत्या.

तसं आपल्या भाषेला हे आधीच माहीत होतं. राग आला की आपण दातओठ खातो, घाबरलो की दातखीळ बसते.

मी अपॉइंटमेंट रद्द केली, पहिल्या डेंटिस्टकडे परत गेलो. रात्री लावायला प्लेट मिळाली. ती दात वाचवते, ताण घालवत नाही. काही आठवडे मऊ जेवण, गालाला गरम शेक. फोनवर दर तासाला रिमाइंडर : "दात सोड." पहिल्या दिवशी दर वेळी दात आवळलेलेच सापडले, सगळ्यात जास्त कोड रिव्ह्यू वाचताना! आणि सगळ्यात अवघड काम, लीडला सांगितलं की सलग ऑन-कॉल मला झेपत नाहीये. दोन-तीन महिन्यांत पाणीपुरी परत सुरू झाली.

सगळ्यांचं असंच असेल असं नाही. मार, संधिवात, सांध्यातली चकती सरकणं, अशी कारणंही असतात. नुसता कटकट आवाज येतो पण दुखत नाही, तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. पण तोंड अडकलं, सूज किंवा ताप आला तर लगेच दाखवा. आणि जबड्याबरोबर छातीत दुखत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

फक्त कुणी "टेन्शन आहे का?" विचारलं तर माझ्यासारखं चिडू नका. खरं उत्तर द्या. तोही तपासणीचाच भाग आहे.

आणि हो, आता परत बघा. टेकलेत का?