बालकांचे अंकगणित आणि शिक्षकाचे श्रवण



प्राथमिक शाळेतील गणित म्हणजे पाढ्यांचे पाठांतर आणि हातच्याच्या बेरीज-वजाबाक्या, ही समजूत आपल्या समाजात इतकी दृढमूल झाली आहे की, शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच बालकाला हिशेबाची काही स्वतःची जाण असू शकेल, अशी शंकादेखील आपल्या मनाला शिवत नाही. ही जाण असते, ती एका क्रमाने परिपक्व होते, आणि शिक्षकाने आपली रीत सांगण्यापूर्वी मुलाची रीत ऐकून घेतली तर पाठांतराचीही हानी होत नाही, एवढेच मला आज प्रतिपादन करावयाचे आहे.

एक उदाहरण घेऊ. रमेजवळ ५ पेरू आहेत; तिच्याजवळ १३ व्हावेत म्हणून आणखी किती आणावे लागतील? पहिलीतील मूल ५ खडे मांडते, त्यांत एकेक खडा घालीत १३ पर्यंत जाते आणि घातलेले खडे मोजते. १३ पेरूंपैकी ५ वाटून टाकले, असे म्हटले की तेच मूल १३ खड्यांतून ५ उचलून बाजूला ठेवते. आणि रमेजवळ १३ व गोपाळजवळ ५ असल्यास तिच्याजवळ किती अधिक, असे विचारताच ते दोन रांगा समोरासमोर लावून बिनजोडीचे खडे मोजते. आपल्या लेखी तिन्ही उदाहरणे एकाच वजाबाकीची. बालकाच्या लेखी त्या तीन निरनिराळ्या घटना आहेत, आणि त्याची कृती त्या त्या घटनेशी इमान राखून असते. ‘आणखी’ हा शब्द दिसला की बेरीज करावी, असा हुकूम ज्याच्या डोक्यात बसविलेला असतो, ते मूल मात्र पहिल्या प्रश्नाला बेलाशक १८ हे उत्तर देऊन मोकळे होते.

खड्यांची ही अवस्था कायमची नसते. ८ आणि ५ यांची बेरीज करताना सर्वच खडे पुनः मोजणारे मूल काही काळाने ८ मनात धरून नऊ, दहा, अकरा असे बोटांवर पुढे मोजू लागते. आणि त्यानंतर केव्हातरी ५ मधील २ आठाला देऊन दहा पुरे करते व उरलेले ३ त्यांत मिळविते. बोटे मोजणाऱ्या मुलाला दटावणे म्हणजे या मार्गावरील मधली पायरीच काढून घेणे होय.

हे केवळ तर्काचे बोलणे नव्हे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे टॉमस कार्पेंटर, एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांचे सहकारी यांनी पहिलीच्या ४० शिक्षकांपैकी निम्म्यांना चार आठवड्यांच्या उन्हाळी वर्गात बालकांच्या अशा रीतींचा परिचय करून दिला. पुढील वर्षी या शिक्षकांनी शाब्दिक उदाहरणांना अधिक आणि बेरीज-वजाबाक्यांच्या घोकंपट्टीला कमी वेळ दिला. तथापि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे विद्यार्थी उदाहरणे सोडविण्यात तर सरस ठरलेच, पण तोंडपाठ बेरीज-वजाबाक्यांतही इतर वर्गांच्या पुढे गेले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात बालवर्गातील ७० मुलांना नऊ उदाहरणे घातली होती. त्यांत गुणाकार-भागाकाराचीही होती, आणि ३२ मुलांनी नऊही उदाहरणांना सयुक्तिक रीत योजिली.

यावरून पाढ्यांना रजा द्यावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी यांनी पंतोजींच्या शाळेतून निघालेल्या कित्येक पिढ्यांचा बाजारातील व्यवहार निभावून नेला. परंतु सात सक किती, हे ऐन वेळी विसरलेल्या मुलाला ‘सात पंचे पस्तीस, त्यांत आणखी सात’ असे म्हणता आले तरच तो पाढा त्याच्या मालकीचा झाला म्हणावयाचा.

पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे ऐकावे कसे, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उपाय असा की, दिवसाला एकच उदाहरण सर्वांना घालावे, मुले सोडवीत असता वर्गातून फिरावे, आणि तिघांना फळ्यापाशी बोलवावे: प्रथम खडे मांडणाऱ्याला, मग पुढे मोजणाऱ्याला, शेवटी दहा पुरे करणाऱ्याला. ‘कसे काढलेस?’ हा प्रश्न चुकलेल्याइतकाच बरोबर उत्तर देणाऱ्यालाही विचारावा, म्हणजे तो दोषारोप वाटणार नाही.

आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी वह्यांची भरलेली पाने मोजण्याऐवजी चार मुलांना एक उदाहरण घालावे. चौघांच्या निरनिराळ्या रीती निघाल्या, आणि त्या शिक्षकाला अगोदरच ठाऊक होत्या असे आढळले, तर अध्यापन समाधानकारक असल्याचा शेरा देण्यास त्यांची हरकत नसावी.