थंडी सरली, आता भेंडी लावा

माघ सरत आला की मंठा परिसरात दुपारचं ऊन चटकायला लागतं आणि परसातली काळी माती भेगाळते. या भेगांतून ओल झपाट्यानं उडते. म्हणून पहिलं काम खुरप्याचं: वरचा दोन बोटं थर हलवून भेगा बुजवायच्या आणि आळ्यावर सोयाबीनचं कुटार पसरायचं. तालुक्यात सोयाबीन भरपूर, त्यामुळे कुटाराला तोटा नाही.

मोगऱ्याकडे मात्र कात्री घेऊनच जावं. जमिनीपासून साधारण दीड फुटावर छाटणी, मग कुजलेलं शेणखत आणि पाणी. फुलं नव्या फुटीवरच येतात. झाडाची माया करणाऱ्यांना फुलं कमीच मिळतात!

भेंडीचं बी थंड मातीत नीट उगवत नाही. रात्रीचा गारठा ओसरला की ते रात्रभर भिजवून सकाळी टोकावं. वाण निवडताना शेजारच्या जिल्ह्याची आठवण ठेवावी. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 1980च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हे वाण दिलं. नेहमीची भेंडी आणि तिची एक रानटी नातलग यांच्या संकरातून ते तयार झालं, पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी. हा रोग पांढरी माशी पसरवते. म्हणून पानं उलटून पाहायची आणि पिवळं पडलेलं रोप मुळासकट उपटायचं.

दोडका, कारलं, काकडी यांचे वेल याच दिवसांत लावावेत. मांडवाला तुराट्या चालतात. पाणी संध्याकाळी, थेट बुंध्याशी.